पोलो जीटीला रुंद चाकं कशाला?

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणं २०२२ साली थांबलं. तरी पुण्या-मुंबईत जुन्या जीटीला आजही गिऱ्हाईक आहे, आणि ती घेणाऱ्याचा पहिला खर्चही बहुधा ठरलेला असतो. मूळची १५ इंची चाकं काढायची, १७ इंची मॅगव्हील बसवायची, त्यावर २१५ रुंदीचे टायर चढवायचे. याला सगळे ‘अपसाइझ’ म्हणतात. त्यामागचा युक्तिवाद इतक्या ठामपणे सांगितला जातो की नवखा माणूस प्रश्नच विचारत नाही. कंपनीने पैसे वाचवायला बारीक टायर दिला. रुंद टायर जमिनीला जास्त टेकतो, म्हणून जास्त पकडतो. विश्वास नसेल तर पोर्शे बघा, फॉर्म्युला वन बघा.

या तिन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच ती खपतात. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि आपल्या रस्त्यांवर, आपल्या पावसात तो धोक्याचा आहे. रस्त्यावर धावणाऱ्या जीटीला रुंदीची गरज नाही. तिला चांगल्या रबराची गरज आहे, तेही मूळच्या मापात किंवा त्याला अगदी लागून असलेल्या मापात.

पैसे वाचवण्याचा मुद्दा आधी घेऊ. २०१३ साली आलेल्या पहिल्या जीटी टीएसआयला १.२ लिटरचं १०५ पीएसचं इंजिन होतं, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क होता, सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता आणि टायर होता १८५/६० आर १५. कंपनीने टायर निवडताना किंमत पाहिली, मायलेज पाहिलं, टायर किती किलोमीटर टिकतो तेही पाहिलं, हे मला मान्य आहे. कारखान्यातून येणारा टायर सहसा कडक रबराचा असतो आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड सामान्य असते, हेही मान्य. पण ही सगळी तक्रार रबराची झाली. आंबट दही मिळालं म्हणून वाटी मोठी घ्यायची नसते. १८५चा कडक टायर आवडत नसेल तर १८५चा मऊ, चांगल्या बांधणीचा टायर घ्या. तो बाजारात मिळतो, त्याच चाकावर बसतो आणि चार नव्या मॅगव्हीलच्या खर्चाच्या एका तुकड्यात येतो.

बारीक टायर म्हणजे हलकी प्रत, ही समजूतही इतिहासात टिकत नाही. जिच्यापासून ‘हॉट हॅच’ हा प्रकार लोकांच्या तोंडी रुळला ती १९७६ची गोल्फ जीटीआय ११० पीएसची होती, ताशी १८० किलोमीटरच्या वर जायची, आणि तिच्या पायात १७५/७० एचआर १३चे टायर होते. ताशी ३८० किलोमीटरच्या पुढे गेलेल्या मॅकलॅरन एफ१चे पुढचे टायर २३५ रुंदीचे होते. आज एखाद्या डिझेल एसयूव्हीलाही तेवढे असतात. टोयोटाने २०१२ साली जीटी८६ आणली तेव्हा मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी २०० पीएसच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या त्या गाडीला २१५/४५ आर १७चे मिशलिन प्रायमसी टायर दिले. तसेच टायर टोयोटाच्या प्रियस हायब्रिडलाही मिळायचे. त्यावर टीका झाली, पण निर्णय विचारपूर्वक होता. गाडीचा तोल, स्टिअरिंगमधून हाताला येणारी जाण आणि पकड सुटण्याआधीची हळुवार सूचना ही सगळी मजा माणसाला रस्त्यावर वापरता येईल अशा वेगात मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. मोजून मापून बारीक टायर निवडणारे अभियंते जगात आहेत, आणि त्यांनी बनवलेल्या गाड्या चालवायला सर्वांत आनंदाच्या मानल्या जातात.

आता मुख्य दावा: रुंद टायर जास्त टेकतो. इथे थोडा हिशेब करावाच लागेल, कारण हा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे.

गाडीचं वजन टायरमधली हवा पेलते. टायरची भिंतही थोडं पेलते, पण मुख्य काम हवेचं. जीटीच्या पुढच्या एका चाकावर समजा ३६० किलो वजन आहे आणि हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. ३६०ला सव्वादोनने भागलं की १६० चौरस सेंटिमीटर येतात. टायरचा जमिनीवरचा ठसा साधारण एवढाच असणार. टायर १८५चा घ्या नाहीतर २१५चा, वजन तेच आणि हवा तीच राहिली तर क्षेत्रफळात फार फरक पडत नाही. फरक आकारात पडतो. १८५च्या टायरचा ठसा साधारण १५ सेंटिमीटर रुंद आणि पावणेअकरा सेंटिमीटर लांब असेल, तर २१५चा साडेअठरा रुंद आणि साडेआठच्या थोडा वर लांब. ठसा आडवा पसरला आणि मागेपुढे आखूड झाला, एवढंच घडलं.

या आडव्या ठशाचा फायदा होत नाही का? होतो, आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. वळणात टायरचं रबर रस्त्याला पकडून वाकतं. ठशाच्या पुढच्या टोकाला टेकलेला रबराचा ठोकळा मागच्या टोकाला पोचेपर्यंत अधिकाधिक ताणला जातो आणि शेवटी घसरतो. ठसा आखूड असला की घसरायच्या आधीच तो ठोकळा रस्ता सोडतो. म्हणून कोरड्या, सपाट रस्त्यावर रुंद टायर स्टिअरिंगला लवकर प्रतिसाद देतो आणि वळणात थोडा जास्त वेग सहन करतो. शिवाय उष्णता जास्त रबरात वाटली जाते, त्यामुळे ट्रॅकवर एकामागून एक फेऱ्या मारताना टायर लवकर वितळत नाही. शर्यतीच्या गाड्यांना रुंद टायर असतात ते याच कारणांनी. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जाऊन वेळ मोजणाऱ्याने रुंद टायर जरूर वापरावा, फक्त सस्पेन्शनही त्या मापाने बसवून घ्यावं.

ही शेवटची अट मी मुद्दाम घातली. जीटीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. गाडी वळणात कलली की बाहेरच्या चाकाचं वरचं टोक रस्त्याच्या हिशेबात बाहेर झुकतं आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहू लागतो. उंच भिंतीचा, अरुंद टायर हे सोसतो, कारण त्याची भिंत वाकते आणि ठसा बराचसा सपाट राहतो. रुंद, बुटक्या भिंतीचा टायर वाकत नाही. त्याची आतली कड उचलली जाते, आणि ज्या रुंदीसाठी पैसे मोजले तीच ऐन वळणात हवेत राहते. यावर उपाय म्हणजे कॅम्बर वाढवणं, म्हणजे चाकाचं वरचं टोक मुळातच आत झुकवून ठेवणं. पण या गाडीत पुढच्या कॅम्बरला समायोजनाची जवळजवळ सोय नाही. त्यात चाकांची कमान भरून दिसावी म्हणून स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली असेल तर लोअर आर्मचा कोन बिघडतो आणि दुखणं वाढतं. शर्यतीचा संघ हे सगळं एकत्र हाताळतो. टायरच्या दुकानात त्यातली एकच गोष्ट बदलली जाते.

पोर्शेचा दाखला सगळ्यात जास्त दिला जातो, तर पोर्शेच बघू. १९६४ साली विक्रीला आलेल्या पहिल्या ९११ला चारही चाकांवर १६५ रुंदीचे टायर होते आणि चाकं साडेचार इंच रुंद. १९७३च्या मॉडेलवर्षासाठी कॅरेरा आरएस २.७ आली तेव्हा मागे ७ इंची चाकावर २१५चा टायर आला आणि पुढे ६ इंची चाकावर १८५चाच राहिला. नुसती मागची चाकं रुंद करून पोर्शे थांबली नाही. मागच्या बाजूला बॉडी ४२ मिलिमीटर रुंद केली, सस्पेन्शन बदललं, वजन कमी केलं, इंजिन २१० पीएसचं केलं आणि शेपटीला तो प्रसिद्ध ‘बदकशेपटी’ स्पॉइलर लावला, कारण मागचा भाग वेगात हलका होत होता. इंजिन मागे असलेल्या गाडीत वजन मागच्या चाकांवर असतं, म्हणून तिथली रुंदी वाढली. जीटीचं इंजिन पुढे आहे, ओढणारी चाकं पुढची आहेत, मागची चाकं जवळजवळ मोकळी फिरतात. तरी आपल्याकडे चारही चाकं सरसकट २१५ची होतात, किंवा दिसायला बरं म्हणून मागची आणखी रुंद होतात. पोर्शेचं नाव घ्यायचं तर तिने रुंदीबरोबर बाकी काय काय बदललं तेही घ्यायला हवं.

फॉर्म्युला वनचंही तसंच. २०१७ साली तिथे पुढचे टायर २४५वरून ३०५ मिलिमीटरवर आणि मागचे ३२५वरून ४०५वर गेले. त्याच नियमावलीत गाडी २० सेंटिमीटरने रुंद झाली आणि पंख बदलले. म्हणजे टायरवर वरून दाबणारी हवेची ताकद वाढवली गेली. जीटीवर तशी कोणतीही ताकद नाही. आणि त्याच खेळाने २०२६च्या नियमांत पुढचे टायर २५ आणि मागचे ३० मिलिमीटरने अरुंद केले, वजन आणि हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून. ज्यांना फॉर्म्युला वनचा आधार घ्यायचा आहे त्यांनी हाही घ्यावा.

माझ्या मते अपसाइझमधली सर्वांत गंभीर गोष्ट टायरच्या रुंदीत नसतेच. ती चाकाच्या ऑफसेटमध्ये असते आणि तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. चाक हबला जिथे टेकतं ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, तो आकडा म्हणजे ईटी. चाकाच्या मागे तो कोरलेला असतो. मूळ चाक ६ इंच रुंद आणि ईटी ४० असेल, आणि नवं साडेसात इंच रुंद, ईटी ३० असेल, तर चाकाची बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर सरकते आणि आतली ९ मिलिमीटर आत जाते. बाहेर सरकलेली कड सगळ्यांना आवडते, कारण ती कमानीशी जुळून ‘भरलेली’ दिसते. पण तिच्याबरोबर ठशाचा मध्यही १० मिलिमीटर बाहेर गेलेला असतो.

त्याने काय बिघडतं? पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याची रेघ खाली जमिनीपर्यंत वाढवली की ती एका बिंदूला टेकते. तो बिंदू आणि ठशाचा मध्य यांच्यातलं अंतर गाडीच्या स्वभावात फार महत्त्वाचं असतं. १९७२च्या ऑडी ८०मध्ये हे अंतर मुद्दाम उलटं ठेवलं गेलं, म्हणजे तो बिंदू ठशाच्या मध्याच्या थोडा बाहेर. फोक्सवॅगनने गोल्फमध्येही हाच मार्ग घेतला. कारण ब्रेकमध्ये होतं. या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या तिरक्या विभागलेल्या असतात. पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं एका फांदीवर, उरलेली दोन दुसरीवर. एक फांदी फुटली तर पुढचं एकच चाक ब्रेक लावतं आणि गाडी त्या बाजूला जोरात ओढली जायला हवी. अंतर उलटं असल्यामुळे तेच चाक स्टिअरिंगला हलकेच विरुद्ध दिशेने वळवतं आणि गाडी सरळ राहायला मदत होते. एका बाजूची चाकं पाण्यात किंवा वाळूत आणि दुसऱ्या बाजूची कोरड्यात असताना ब्रेक दाबला, तर तेव्हाही हीच मांडणी चालकाला सांभाळते.

हे अंतर मुळात काही मिलिमीटरच असतं. ठसा १० मिलिमीटर बाहेर गेला की ते शून्यावर येऊ शकतं किंवा सुलटं होऊ शकतं. स्पेसर लावून आणखी १५ मिलिमीटर बाहेर काढणारेही आहेत. मग ज्या क्षणी गाडीने आपोआप सरळ राहायला हवं, त्याच क्षणी ती स्टिअरिंग हातातून ओढते. रोजच्या प्रवासात याची चाहूल लागत नाही. ‘मी दोन वर्षं चालवतोय, काही झालं नाही’ हे उत्तर म्हणूनच माझ्या लेखी निरर्थक आहे. ही सोय दोन वर्षांतून एकदा लागते, आणि तेव्हा ती असावी लागते.

माझ्या भाच्याची गोष्ट इथे सांगायला हवी. त्याने जुनी जीटी घेतली आणि एका दुकानातून १७ इंची चाकं बसवून घेतली. थोड्याच दिवसांत तक्रार आली. “मामा, ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग करून आणलं तरी जात नाही.” दुकानदाराचं म्हणणं टायर नवा आहे, बसेल हळूहळू. आम्ही दुसरीकडे गाडी वर घेऊन चाक काढलं. हबवर ५७.१ मिलिमीटरचा गोल उंचवटा असतो, आणि मूळ चाकाच्या मधलं भोक बरोबर त्याच मापाचं असतं, म्हणजे चाक आपोआप केंद्रात बसतं. नव्या चाकाचं भोक बोट सहज फिरेल एवढं मोठं होतं आणि मधे रिंग नव्हती. चाक निव्वळ बोल्टांवर लटकलं होतं. आणि बोल्ट मूळचेच वापरले होते. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टाचं डोकं खालून गोलाकार असतं, चेंडूच्या तुकड्यासारखं. बाजारातल्या बहुतेक चाकांमधली बैठक तिरकी, शंकूची असते. गोल डोकं शंकूत बसलं की पूर्ण टेकत नाही. आम्ही बोल्ट काढला तेव्हा चाकाच्या बैठकीवर दोऱ्याएवढी बारीक चकचकीत कडी उमटलेली दिसली. तेवढीच जागा त्या बोल्टाला धरून होती. पाचही भोकांत तशीच. आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरवर टायर घासून गुळगुळीत पट्टा पडला होता. चार माणसं बसवून खड्ड्यातून जाताना येणारा जो आवाज तो ‘शॉकअपचा’ समजत होता, तो हाच होता.

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, “सगळ्या पोलोंना हेच लावतो.” मला यात सगळ्यात जास्त त्रास देणारं हेच वाक्य वाटतं. पाच बोल्टांवर माणसांचा जीव लटकलेला असतो, आणि ते बोल्ट कोणत्या बैठकीचे हे पाहायला पाच मिनिटं लागतात.

पावसाचं बोलल्याशिवाय हा विषय महाराष्ट्रात पुरा होत नाही. साचलेल्या पाण्यावरून टायर जातो तेव्हा त्याला ठशाखालचं पाणी बाजूला सारायचं असतं. वेग वाढला की पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर याचा अभ्यास केला. त्यांच्या सूत्रात तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ३२ पीएसआयला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. मोटारीच्या टायरला खाचा असतात आणि रस्त्यावर पाणी कमीजास्त असतं, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लावायचा नाही. पण दिशा पक्की आहे. पुढे हॉर्न यांनी सूत्रात ठशाचा आकारही आणला. ठसा जितका रुंद आणि आखूड, तितका तरंगण्याचा वेग कमी. वर काढलेल्या हिशेबात १८५वरून २१५वर जाताना आपण नेमकं हेच केलं होतं. रुंद ठशाखालच्या मधल्या पाण्याला बाहेर पडायला जास्त अंतर कापावं लागतं आणि आखूड ठशामुळे वेळही कमी मिळतो.

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. जुलैत कामशेतच्या पुढे सरी येतात तेव्हा काँक्रीटवर पाण्याचे पट्टे साचतात आणि लोक शंभरनेच जात असतात. ताम्हिणीत किंवा वरंध्यात वेग कमी असतो, पण वळणाच्या आतल्या कडेला डोंगरावरून ओहोळ आडवा वाहत येतो. एका बाजूची चाकं पाण्यात, दुसऱ्या बाजूची डांबरावर. वर सांगितलेला स्टिअरिंग ओढण्याचा प्रकार आणि तरंगण्याचा प्रकार इथे एकाच वेळी भेटतात. कोरड्या डिसेंबरच्या सकाळी लवासाच्या रस्त्यावर रुंद टायर किती छान वळतो हे सांगणाऱ्यांनी जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे चार महिनेही हिशेबात धरावेत. गाडी तेव्हाही तीच असते.

खड्ड्यांचं फार सांगायला नको. १८५/६० आर १५च्या टायरची भिंत १११ मिलिमीटर उंच असते. व्यास तोच राखून २१५/४० आर १७ घेतला की भिंत ८६ मिलिमीटरची होते. चाक आणि खड्डा यांच्यामधली पाव भागाएवढी उशी गेली. मग टायरला फुगा येतो, मॅगव्हील वाकतं, आणि वाकलेलं चाक ठोकून सरळ करणारा कारागीर ते पुन्हा गाडीला लावायला देतो, जे कधीही लावू नये. वजनाचंही तसंच. स्वस्त १७ इंची ओतीव चाक मूळ चाकाशेजारी वजनकाट्यावर ठेवून बघा. चाकाच्या कडेला वाढलेला एक किलो गाडीला वेग देताना एका किलोपेक्षा बराच जड पडतो, कारण तो पुढेही न्यायचा असतो आणि फिरवायचाही असतो. १०५ पीएसच्या गाडीची चपळाई अशी विकून टाकायची, हे मला समजत नाही.

एक उत्तर मला नेहमी मिळतं: गाडी माझी, पैसे माझे, मला तशी दिसायला हवी. रंगाबद्दल, सीटच्या कापडाबद्दल, म्युझिक सिस्टिमबद्दल हे मी मान्य करतो. चाकांबद्दल नाही. घाटात समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांनी तुमच्या ऑफसेटला संमती दिलेली नसते. कायदाही तेच मानतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पक्की केली. पण कायद्याची भीती घालण्याची मला हौस नाही. कलम नसतं तरी ब्रेकच्या तिरक्या फांदीचं गणित बदललं नसतं.

मग जीटीवाल्याने काय करावं? पहिल्यांदा मूळ मापाचा उत्तम टायर घ्यावा. दुकानदार टायर देताना त्याच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ३५२४ असेल तर तो २०२४च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर, मग तो कितीही नामांकित असो, घेऊ नये. बऱ्याच टायरांवर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकची प्रतही छापलेली असते, एए ही सर्वांत वरची. ती शोधावी. वजनाचा निर्देशांक मूळच्या खाली जाऊ देऊ नये. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८३ म्हणजे ४८७. २१५/४० आर १७ हा टायर साध्या बांधणीत ८३चा मिळतो. दिसायला जाडजूड, पण मूळच्या ८४च्या टायरपेक्षा कमी वजन पेलणारा. एकदा नीट अलाइनमेंट, ब्रेकचं ताजं ऑइल आणि चांगले पॅड केले की गाडीचा जो कायापालट होतो, तो अपसाइझवाल्यांनी एकदा तरी अनुभवून बघावा आणि मग वाद घालावा.

थोडी रुंदी हवीच असेल तर १९५/५५ आर १५ मूळच्या ६ इंची चाकावर व्यवस्थित बसतो. व्यास ६०३वरून ५९५ मिलिमीटर होतो, म्हणजे सव्वा टक्क्याने कमी, आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा किंचित जास्त दाखवतो, कमी नाही. १६ इंचीच हवं तर कंपनीने नंतरच्या जीटीला स्वतः दिलेलं १९५/५५ आर १६ घ्यावं, तेही कंपनीच्याच चाकासह, म्हणजे ईटी, मधलं भोक आणि बोल्टाची बैठक तिन्ही आपोआप जुळतात. इंजिन रीमॅप करून ताकद वाढवली असेल तर मी आधी टायरचं रबर आणि मग ब्रेक बघायला सांगेन.

आणि तरीही १७ इंची मॅगव्हील घ्यायला निघालाच असाल, तर पैसे देण्याआधी दुकानदाराला चार गोष्टी विचारा: चाकाची रुंदी आणि ईटी किती, मधलं भोक ५७.१चं आहे की रिंग लागणार, बैठक गोल की शंकूची, आणि टायरचा वजनाचा निर्देशांक किती. उत्तरं तोंडी घेऊ नका, चाक उलटं करून कोरलेले आकडे स्वतः वाचा. जो दुकानदार चाक उलटं करू देत नाही, त्याच्याकडून हवासुद्धा भरून घेऊ नका.